न थांबता वाचलेलं प्रकरण

आमच्या सरांनी मला निवडलं ते मी नापास झाले म्हणून. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राने मला आडवं केलं होतं. वडील होटगीला रेल्वेत गँगमन. निकाल ऐकून त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात नोटीस बोर्डासमोर उभी होते, उगाच, आकडे बदलले असतील तर बघावं म्हणून. मागून आवाज आला, "किती पडले?"

वळून बघते तर सर. लाज वाटली, पण सांगितलं. सरांचा चेहरा उजळला.

"वा. केमिस्ट्रीतच ना? चार वाजता घरी ये. मोठ्यानं वाचता येतं ना तुला? कळलं नाही तरी चालतंय."

दुसऱ्याच्या नापास होण्यावर इतका खूश झालेला माणूस मी पुढे कधी पाहिला नाही. मला वाटलं शिकवणी असेल, म्हणून वही-पेन घेऊन गेले. सरांनी वही बाजूला ठेवायला लावली आणि हातात लिहिलेले कागद दिले. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ते रसायनशास्त्राचं पुस्तक लिहीत होते. बाजारात तशी पुस्तकं पुष्कळ होती. पण सरांचं म्हणणं, ती पुस्तकं ज्याला विषय येतो त्यालाच कळतात, आणि ज्याला विषय येतो त्याला पुस्तक हवंय कशाला? त्यांना असं पुस्तक हवं होतं की माळशिरस नाहीतर अक्कलकोट तालुक्यातल्या, मराठी शाळेतून आलेल्या पोराने, शिकवणी नसताना, एकट्याने खोलीवर बसून वाचावं आणि त्याला कळावं. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर तेच इंग्रजीत. "डावीकडं समजून घ्यायचं, उजवीकडचं परीक्षेत लिहायचं," असं ते सांगायचे.

या पुस्तकाचे तपासनीस आम्ही. म्हणजे त्या त्या वर्षीचे नापास.

पद्धत अशी. सर खुर्चीत डोळे मिटून बसणार, हातात पेन्सिल. आपण समोर बसून मोठ्याने वाचायचं. आवाज बारीक झाला, वेग कमी झाला, नुसतं डोकं खाजवावंसं वाटलं तरी थांबायचं. थांबलं की सर डोळे उघडून त्यांच्याकडच्या प्रतीवर त्या जागी एक टिंब देत आणि म्हणत, "पुढं." का थांबलीस ते कधी विचारत नसत. मी सुरुवातीला सांगायला जायची, "सर, म्हणजे ते मला असं वाटलं की..." तर हात वर करायचे. "कारण नको. कारण विचारलं की माणूस ते तयार करून देतो. अडलं ना? बास."

मग ते पान पुन्हा लिहून काढायचे. पुन्हा वाचायचं. पुन्हा टिंबं.

जुळे सोलापुरात सरांचं बैठं घर होतं. मागच्या पडवीत दोन दोऱ्या बांधलेल्या. एकीवर धुणं, दुसरीवर पुस्तक. चिमटे लावून पानं ओळीने टांगलेली असत आणि सर हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकरण चालत वाचत. तीनपेक्षा जास्त टिंबं पडलेलं पान उलटं टांगलेलं असे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, धुणं घेऊन आल्या की दोरीवर चिमटे उरलेले नसायचे. "ह्यांचं पुस्तक वाळलं की माझ्या साड्या वाळतील," असं त्या मला म्हणायच्या आणि बशीत कडक भाकरीचे तुकडे, शेंगाची चटणी, वर दही असं पुढे ठेवायच्या. वाचणाऱ्याला खाऊ घातल्याशिवाय त्या घरातून सोडत नसत. मी पास झाले त्यात चटणीचा वाटा किती आणि सरांचा किती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

वर्गात त्यांनी "समजलं का?" हा प्रश्न कायमचा बंद केला होता. "समजलं का विचारलं की पोरं हो म्हणतात. ते काय उत्तर नव्हे. नमस्कार केला की नमस्कार करतात, तसं आहे ते." सर मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड. अगदीच राहवलं नाही तर ते "तिळीतेनु?" असं तेच कन्नडमधून विचारत. ज्यांना कन्नड यायचं ती मुलं गडबडून खरं सांगून टाकायची आणि बाकीची तोंडाकडे बघत बसायची. दोन्हींतून सरांना हवं ते कळत असावं.

ग्रंथालयाशी मात्र त्यांचं जमलं नाही. मोठ्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांत लेखक जागोजागी 'ऑब्व्हियसली' लिहितात, म्हणजे हे तर उघडच आहे. सर त्या शब्दाखाली लाल रेघ मारत आणि समासात लिहीत, 'कुणाला?' रसायनशास्त्राचं कपाट उघडावं आणि कुठलंही पुस्तक काढावं, समासात 'कुणाला?' सापडायचंच. ग्रंथपालांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. सरांनी रीतसर माफी मागितली, पुन्हा पेन वापरणार नाही असं लिहून दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल वापरू लागले.

त्यांच्या चिकाटीचा एक किस्सा सांगते. रंग कापडाला धरून कसा राहतो यावर त्यांनी अर्धं पान लिहिलं होतं. मी ते न अडखळता वाचलं. तरी त्यांचं समाधान होईना. मला म्हणाले, चल. त्यांच्या स्कूटरवरून आम्ही शहराच्या पूर्व भागात एका रंगाऱ्याकडे गेलो. टॉवेलांचं सूत रंगवणारा तेलुगू घरातला माणूस, कोपरापर्यंत हात निळे. सरांनी तिथल्याच एका पिंपावर बसून त्याला पान वाचून दाखवलं. त्याने हात पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चांगलं लिहिलंय सर. पण आम्ही असं करत नाही." मग कसं करता हे त्याने दोन तास दाखवलं. सर वाफेत उभे राहून टिपत होते. घरी आल्यावर अर्धं पान फाडलं आणि नवं लिहिलं. त्या पानात त्या रंगाऱ्याची वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी आहेत. विद्यापीठातल्या एका मोठ्या माणसाने पुढे नेमकं तेच पान वाखाणलं, तेव्हा सर म्हणाले, "ते माझं नव्हे." त्या गृहस्थांना तो विनय वाटला.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ मी टाळाटाळ करते आहे, हे माझं मलाच कळतंय.

सरांचा एक नियम होता. वाचणारा पास झाला की त्याचं काम संपलं. पेढे घेऊन गेलेल्या मुलाला ते दारातच सांगत, "अभिनंदन. आता तू माझ्या उपयोगाचा नाहीस." पास झालेल्याला थोडं येत असतं, आणि थोडं येणारा माणूस अडलेल्या जागी थांबत नाही, अंदाजाने उडी मारून पुढे जातो, असा त्यांचा अनुभव. पण मी पुन्हा परीक्षा देऊन पास झाले तेव्हा पुस्तकाचं एकच प्रकरण उरलं होतं, सातवं. त्यात बफर द्रावणं होती. साध्या पाण्यात आम्लाचे चार थेंब टाकले की पाणी लगेच आंबट होतं. बफर द्रावणात टाकले तर फारसा फरकच पडत नाही. का पडत नाही, एवढं सांगायचं होतं. माझ्याच टिंबांपायी ते पाच वेळा लिहून झालं होतं. प्रकाशकाची घाई चालली होती. नवा नापास शोधायला वेळ नव्हता. सर म्हणाले, "एवढं एक वाच. मग सुटलीस."

त्या दिवशी प्रकाशकाचा माणूस बाहेरच्या खोलीत येऊन बसलेला. सरांनी दोरीवरून सहाव्यांदा लिहिलेलं पान काढलं. ते देताना त्यांच्या चेहऱ्यावर एक लहान मुलासारखा आनंद होता, तो मला अजून दिसतो. या वेळी त्यांनी एक गोष्ट घातली होती. लहान घरात चारच भाकऱ्या केलेल्या असतात, अचानक दोन पाहुणे आले की घरच्यांची उपासमार. पण मोठ्या खटल्याच्या घरात परातभर भाकऱ्या असतात. तिथं दोन पाहुणे आले काय आणि गेले काय, कुणाला पत्ताही लागत नाही. बफर द्रावण म्हणजे ते खटल्याचं घर. फार सुंदर लिहिलं होतं. मी वाचताना हसले. बाहेर प्रकाशकाचा माणूसही हसला.

गोष्टीच्या खाली तीन ओळी होत्या. ॲसिटिक आम्लात सोडियम ॲसिटेट घालून बफर तयार करतात, वगैरे. तिथं माझा पाय अडला. सोडियम ॲसिटेट कशाला? नुसतं आम्ल का चालत नाही? खटल्याच्या घरात हे कोण? काही कळेना. थांबायला हवं होतं. पण चारच दिवसांपूर्वी मी पास झाले होते, होटगीत पेढे वाटून झाले होते. आता पुन्हा अडखळायचं म्हणजे मी अजून तीच नापास पोरगी. मी आवाज बारीक होऊ दिला नाही. सरळ वाचत खालपर्यंत गेले. सरांनी कागदाकडे बघितलं, एकही टिंब नाही. ते उठले आणि काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं, झालं पुस्तक."

पुस्तक चाललं, चांगलं चाललं. प्रकाशकाचं म्हणणं होतं, "सर, पोरांना पुस्तक नको असतंय, गाइड लागतंय." त्याचं म्हणणं खोटं ठरलं. दोन आवृत्त्या निघाल्या. मी एम.एस्सी. केलं, तेव्हा कधीतरी बफर मला नीट कळलं, आणि सातव्या प्रकरणाचं मी विसरून गेले. निदान तसं ठरवलं तरी.

मग मी शिकवायला लागले. तासिका तत्त्वावर, म्हणजे सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या, मधे स्कूटीवर धावपळ. पाठ्यपुस्तक सरांचंच. पहिल्याच वर्षी उत्तरपत्रिका तपासताना प्रश्न होता, बफरमध्ये सोडियम ॲसिटेट का घालतात? एका मुलाने लिहिलं होतं, 'पाहुणे येणार असतात म्हणून.' दुसऱ्याने परातीचं चित्र काढलं होतं. स्टाफरूममध्ये हे मोठ्याने वाचून दाखवलं गेलं, सगळे पोट धरून हसले. मीही हसल्यासारखं केलं. मुलांना पाहुणे पाठ होते, भाकऱ्या पाठ होत्या, पण आम्लाचं पुढे काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. दर वर्षी तेच. मी वर्गात फळ्यावर वेगळं समजावून सांगायची, पण परीक्षेच्या आधी मुलं खोलीवर एकटी बसून पुस्तक वाचणार, आणि पुस्तकात ती गोष्ट इतकी गोड की तीच लक्षात राहणार.

त्यांत नातेपुत्याची एक मुलगी होती. गप्प, पहिल्या बाकावरची. परीक्षेच्या आठवड्यात तिने मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, सातव्या प्रकरणातली पाव्हन्याची गोष्ट कळली. पन ते सोडियम ॲसिटेट कशाला घालत्यात, ते काय न्हाय कळलं."

मला दुपारच्या कॉलेजात तास होता. हातात हेल्मेट. मी म्हणाले, "पुस्तक नीट वाच. त्यात सगळं आहे."

हे मी म्हणाले. त्यात सगळं नाही, हे या जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस मी होते.

ती त्या विषयात राहिली. पुन्हा बसली, पुन्हा राहिली. एका विषयापायी तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेना, म्हणून ती गावी परत गेली. शेतीची औषधं विकायच्या दुकानात बसते असं मैत्रिणींकडून कळलं. एका प्रश्नाने कुणी नापास होत नाही, हे मला कळतं. स्वतःची समजूत घालायला ते पुरत नाही, हेही कळतं.

अभ्यासक्रम बदलला तेव्हा प्रकाशकाने नव्या आवृत्तीची मागणी केली. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, एका डोळ्याने कमी दिसत होतं. त्यांनी मला फोन केला. "दोन-चार नापास पाठव की. आणि तू पण ये, उगाच." मी गेले. दोरीवर पानं होती. काकूंनी भाकरी पुढे ठेवली, ती मी बाजूला सरकवली. मी सांगून टाकलं. त्या दिवशी मी अडले होते आणि थांबले नव्हते. उत्तरपत्रिकांचं सांगितलं, जिन्यातलं सांगितलं.

सर रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कपाटातून पुस्तक काढलं आणि सातवं प्रकरण काढून डोळ्यांजवळ धरून वाचलं. शेवटी म्हणाले, "गोष्ट चांगली आहे गं. म्हणूनच घात झाला. ती वाचून माणूस खूश होतो. खूश झाला की विचारायचं विसरतो."

"चूक माझी आहे सर."

"तुझी कशी? नियम माझा होता. पास झालेल्याला वाचायला बसवलं कुणी?" मग म्हणाले, "ती नातेपुत्याची काय म्हणाली होती, तिच्या शब्दांत सांग."

मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आता हे प्रकरण तू लिही. मला तिथं कधी अडलंच नव्हतं, मला ते सात जन्मांत जमायचं नाही."

मी लिहिलं. पाहुणे काढले, भाकऱ्या काढल्या. पहिलंच वाक्य केलं, 'टाकलेलं आम्ल गेलं कुठं?' ते नाहीसं होत नाही. आम्लातून सुटलेल्या हायड्रोजनच्या कणांनी द्रावण आंबट होतं. द्रावणात ॲसिटेटचे कण फिरत असतात, ते या हायड्रोजनला पकडतात, आणि पकडलेला हायड्रोजन आंबटपणा वाढवू शकत नाही. मग नुसतं ॲसिटिक आम्ल का चालत नाही? कारण ते दुबळं आम्ल, फारसं फुटतच नाही, त्यामुळे पकडणारे कण त्यात मोजकेच असतात. ते भरपूर असावेत म्हणून बाहेरून सोडियम ॲसिटेट घालायचं. एवढंच. एका नापास मुलाने ते सरांपुढे वाचलं तेव्हा अकरा टिंबं पडली. प्रत्येक टिंबाला मला त्याचा राग येत होता, इतकं सोपं लिहिलंय आणि याला कळत कसं नाही म्हणून. सर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते. पाचव्या वेळी एकही टिंब पडलं नाही. तरी या वेळी सरांनी त्याला पुस्तक मिटून सगळं आपल्या शब्दांत सांगायला लावलं, हा नवा नियम.

प्रस्तावनेत सरांनी शेवटी दोन वाक्यं घातली. 'आधीच्या आवृत्त्यांमधलं सातवं प्रकरण ज्यांना कळलं नाही, त्यांचा त्यात दोष नव्हता. ते प्रकरण मी नीट लिहिलं नव्हतं.' प्रकाशक हादरला. "सर, असं कुणी छापतंय का? जुन्या पुस्तकाला नावं ठेवल्यासारखं होतंय की." मीही म्हटलं, सर, घालायचंच तर माझं नाव घाला. त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. ही दोन वाक्यं नसतील तर पुस्तक नको, असं सांगून ते दोरीवरची पानं काढायला लागले. वाक्यं छापली गेली.

पहिली प्रत त्यांनी मला त्या मुलीच्या मैत्रिणींकडून पत्ता शोधायला लावून नातेपुत्याला पाठवली. सोबत चिठ्ठी नाही, फक्त त्या दोन वाक्यांखाली पेन्सिलीची रेघ. त्यानंतर काही दिवसांनी सर आणि काकू पुण्याला मुलीकडे राहायला गेले.

महिन्याभराने मला अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे दुकानातली वर्दळ ऐकू येत होती, कुणीतरी फवारणीचं औषध मागत होतं.

"मॅडम, मी नातेपुत्यास्नं बोलतीय. पुस्तक मिळालं." गिऱ्हाइकाला थांबायला सांगून ती म्हणाली, "म्या समजत हुते, माझंच डोस्कं चालत न्हाय."

जिन्यातल्या त्या दिवसाबद्दल मी माफी मागितली, जमेल तशी. तिला तो दिवस आठवत होता. "असूं द्या मॅडम," ती म्हणाली. "सातवं प्रकरण वाचलं. दोनदा वाचलं. एक इचारू का?"

"विचार की."

"ते ॲसिटेट हायड्रोजनला पकडतंय, ते कळलं. पन आपण आम्ल टाकीतच ऱ्हायलो, आन सगळं ॲसिटेट संपलं, तर?"

याचं उत्तर त्या प्रकरणात नव्हतं, ते आठव्यात सुरू होतं, आणि तिने अजून आठवं उघडलं नव्हतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. पास झाले तेव्हा मलाही सुचला नव्हता.